जातीचा दाखला आणि संगणकाची साखळी
(संस्थेच्या पेडगाव येथील सभेत केलेले भाषण)



संस्थेने आम्हाला ‘ब्लॉकचेन’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. संगणकाचे पंडित नव्हे. पण नोंद करणे आणि ती जपणे यावरच आमची भाकरी असल्यामुळे हा विषय आम्हाला परका वाटला नाही.

जुन्या लेजरमध्ये पानाच्या तळाशी बेरीज करून ती पुढच्या पानाच्या माथ्यावर नेत असत. मागच्या पानावर कुणी आकडा फिरवला की पुढची सगळी पाने बोंब मारत. ब्लॉकचेन ही अशीच वही आहे. बेरजेऐवजी संगणक पानावरच्या सबंध मजकुराचा एक ठसा काढतो. एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. शिवाय वहीच्या प्रती एका कपाटात नसतात, अनेक संगणकांवर असतात. म्हणून एकट्या साहेबाला खूश करून भागत नाही. २००९ साली बिटकॉइन सुरू झाले ते याच पद्धतीवर, त्यामुळे पुष्कळांना हा सट्टाच वाटतो. मूळ कल्पना मात्र जुनी आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या शास्त्रज्ञांनी ती १९९१ मध्ये मांडली, आणि १९९५ पासून त्यांची कंपनी दर आठवड्याचा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. घरोघरी गेलेले वर्तमानपत्र कोण बदलणार?

आता आपल्या राज्यातले उदाहरण. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातीचे दाखले अशा साखळीवर नोंदविण्याचे काम जाहीर झाले. ‘लेजिटडॉक’ या कंपनीची पद्धत आणि ‘पॉलिगॉन’ ही साखळी त्यासाठी निवडली गेली. दाखला खरा की बनावट, हे कोणत्याही कचेरीला जागच्या जागी ताडून पाहता यावे, हा हेतू. बनावट दाखल्याने कुणाची तरी जागा जाते, आणि ती जागा बहुधा आपल्याच मुलाची असते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणांत स्पष्ट केले की, अवैध ठरलेल्या दाखल्यावर मिळालेली नोकरी वा प्रवेश, कितीही वर्षे लोटली तरी, टिकणार नाही. पण तोवर हक्काच्या उमेदवाराचे वय उलटून गेलेले असते, त्याचे काय?

तरीही मित्रांनो, हुरळून जाऊ नका. साखळी नोंद बदलू देत नाही, पण नोंद मुळात खरी आहे का, हे तिला कळत नाही. तलाठ्याने वा मास्तरांनी आडनाव चुकीचे लिहिले तर ती चूकही पक्की होते. दाखला निघाला तरी राज्याच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे पडताळणी समितीपुढे जावेच लागते. तिथे अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आपल्या मराठवाड्याचे तेव्हाचे दप्तर हैदराबाद संस्थानचे, पुष्कळसे उर्दूत. आजोबा शाळेची पायरीच चढले नसतील तर प्रवेश-निर्गम उतारा आणायचा कुठून? केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण कागदाची वाट आजही आजोबांपर्यंतच जाते. ते पहिले पान कुठलेही यंत्र लिहून देणार नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी बारावीची वाट न पाहता आजच घरातले जुने उतारे, खासरा, कोतवाल बुकाच्या नकला शोधाव्यात.

दानधर्माचेही तसेच आहे. जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१७ मध्ये जॉर्डनमधील अझराक छावणीत सीरियन निर्वासितांना ही पद्धत लावली. डोळ्याची बाहुली दाखवून किराणा मिळे, हिशेब साखळीवर चढे आणि बँकांना जाणारे शुल्क वाचे. (बँकेतला माणूस हे सांगतोय, याची नोंद घ्यावी.) एवढ्या मोठ्या कारभाराला ते शोभते. आपल्या संस्थेला त्याची गरज आहे असे आम्हाला वाटत नाही. आपले सभासद एकमेकांना ओळखतात. फक्त हिशेब धर्मादाय कार्यालयात वर्षातून एकदा जातो आणि सभासदांना तो दिसत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. पावतीपुस्तकाची महिन्याची बेरीज, मागील शिल्लक आणि खर्च दर पौर्णिमेला विहाराच्या फलकावर लिहावा. त्याचा फोटो त्याच दिवशी सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर जावा. शंभर मोबाईलमध्ये गेलेला आकडा नंतर कुणाला खोडता येणार नाही. खजिनदार महोदयांची हरकत नसेल तर येत्या पौर्णिमेला फलक लिहायला आम्ही येतो. खडू तेवढा संस्थेने द्यावा.

जयभीम.