हाडांचे वय आणि जन्माची नोंद
(भाषणाचा मजकूर)



जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील दोन तालुके. पश्चिमेस नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंत सह्याद्रीचे डोंगर. तेथे महादेव कोळी, ठाकर व कातकरी बांधवांच्या वस्त्या, पावसाच्या पाण्यावरील भातशेती आणि हिरड्याचा हंगाम. पूर्वेस कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने भिजलेली उसाची, भाजीपाल्याची जमीन. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांची कुटुंबेही या भागात पाल टाकून राहतात. डोंगरातल्या पाड्यावर किंवा उसाच्या फडाजवळ जन्मलेल्या मुलाची नोंद अनेकदा राहून जाते. पुढे ते मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या नावापुढे एक सोयीची तारीख लिहिली जाते. ग्रामीण महाराष्ट्रातील शाळांच्या जुन्या रजिस्टरांत ‘१ जून’ ही जन्मतारीख इतक्या वेळा का आढळते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

ही सोय कधी किती महाग पडते, ते पाहावे. समजा, एका मुलीचा विवाह ठरला आहे आणि कोणीतरी तक्रार केली. आईवडील म्हणतात, मुलीला अठरा पूर्ण झाली. मुलगी शाळेत गेलेली नाही, ग्रामपंचायतीत नोंद नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलीस १८ व मुलास २१ वर्षे पूर्ण हवीत. प्रकरण बालकल्याण समितीपुढे जाते आणि शेवटी मुलीच्या हाताचे क्ष-किरण चित्र काढण्याचा आदेश होतो. तिचे भवितव्य आता मनगटाच्या हाडांवरून ठरणार असते.

हाडांवरून वय कसे कळते? जन्मतः मनगटातील लहान हाडे कूर्चेची असतात व क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. त्यांत हळूहळू अस्थिभवनाची केंद्रे प्रकट होतात. मनगटातील आठ हाडांपैकी पहिली दोन जन्मानंतर काही महिन्यांत दिसू लागतात, तर वाटाण्याएवढे शेवटचे हाड साधारणतः नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास दिसते. पुढे लांब हाडांची वाढती टोके मूळ हाडाशी जुळून येतात आणि वाढ थांबते. मुलींमध्ये हा सारा क्रम मुलांपेक्षा लवकर पुरा होतो.

हा क्रम मोजण्याच्या दोन पद्धती जगभर प्रचलित आहेत. पहिली ग्रुलिच व पाइल यांची. त्यांचा चित्रसंग्रह १९५० साली प्रसिद्ध झाला व १९५९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मुलाच्या डाव्या हाताचे चित्र संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहावयाचे आणि ज्याच्याशी अधिक जुळेल त्याचे वय ग्राह्य धरावयाचे. ही पद्धत झटपट होते. मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून राहते. दुसरी टॅनर व व्हाइटहाउस यांची. तीत प्रत्येक हाडाची अवस्था स्वतंत्रपणे ठरवून गुण दिले जातात आणि बेरजेवरून वय काढले जाते. तिला वेळ अधिक लागतो, परंतु निर्णय अधिक काटेकोर होतो. तिची तिसरी आवृत्ती २००१ साली आली. आता संगणकही अशी चित्रे वाचू लागला आहे.

मुख्य प्रश्न त्यापुढचा आहे. पहिल्या पद्धतीचे नमुने अमेरिकेतील क्लीव्हलँड परिसरातील सुस्थितीतील गोऱ्या कुटुंबांच्या मुलांचे असून ती चित्रे १९३१ ते १९४२ या काळात घेतलेली आहेत. दुसरी पद्धत मूलतः ब्रिटिश मुलांवर उभी राहिली. भारतात गॅलस्टॉन यांनी बंगालमधील अस्थिभवनाचा अभ्यास १९३७ सालीच प्रसिद्ध केला होता. म्हणजे परदेशी मोजपट्टी आपल्या मुलांना लावावी काय, ही शंका जुनीच आहे. शिवाय हाडांची वाढ केवळ वंशावर अवलंबून नसते. दीर्घकाळचे कुपोषण आणि थायरॉइडची कमतरता यांनी ती मागे पडते. स्थूलपणा व लवकर आलेले वयात येणे यांनी ती पुढे जाते. एकाच तालुक्यात डोंगरमाथ्यावरचे अर्धपोटी मूल आणि बागायती गावातले सुपोषित मूल एकाच दिवशी जन्मले, तरी त्यांची हाडे एकच वय सांगतील याची हमी कोणतीही पद्धत देत नाही. डॉक्टरांना वाढीचे विकार ओळखण्यासाठी हा फरकच उपयोगी पडतो. जन्मतारीख शोधणाऱ्याला मात्र तोच चकवतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली जया माला प्रकरणात नमूद केले की, अशा तपासणीने ठरवलेल्या वयात दोन्ही बाजूंस दोन वर्षांचा फरक पडू शकतो. अहवालात सतरा वर्षे लिहिली असतील, तर ती मुलगी पंधराचीही असू शकते आणि एकोणीसचीही. म्हणूनच बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम घालून दिला आहे : प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला अथवा शालान्त प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि ही दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्या गावातच आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. वर्ष उलटल्यावर नोंद करावयाची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि गरीब कुटुंबाचे हेलपाटे सुरू होतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत तर शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. पंचायत सदस्यांनी आशा व अंगणवाडी सेविकांच्या सहकार्याने पाड्यावरचे आणि पालांवरचे प्रत्येक बाळंतपण ग्रामपंचायतीच्या नोंदवहीपर्यंत पोहोचवावे. शिक्षकांनी प्रवेशाच्या वेळी अंदाजाची तारीख लिहिण्यापूर्वी दाखला मागावा. तो नसेल तर पालकांना तो मिळवण्याचा मार्ग दाखवावा. अधिकाऱ्यांनी विलंबित नोंदीचे अर्ज अडवून ठेवू नयेत.

वैद्यकशास्त्र आपल्या मोजपट्ट्या सुधारत राहील आणि भारतीय मुलांसाठी अधिक योग्य मापेही सिद्ध होतील. तोवर एका मुलीचे बालपण दोन वर्षे इकडे की दोन वर्षे तिकडे, या अनिश्चिततेवर सोडावे लागू नये, एवढे तरी वेळेवर लिहिलेली एक ओळ निश्चित करू शकते.