मध कोणाचा, विद्या कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सातेरी जातीची मधमाशी मकरंदासाठी आपल्या पेटीपासून साधारणतः किलोमीटरभर अंतरापर्यंत जाते. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ हेक्टर भरते. सह्याद्रीच्या खोऱ्यात एवढ्या जमिनीत काय काय सामावते? वनखात्याचे जंगल, गावाचे गायरान, एखादी देवराई आणि लहानसहान तुकड्यांचे धनी असलेले कितीतरी शेतकरी. माशीला सातबारा वाचता येत नाही. ती जांभळावर बसते, हिरड्यावर बसते, परक्याच्या पिकावर बसते आणि परतते ती मात्र एका माणसाच्या मालकीच्या पेटीत. मग त्या पेटीतील मध नेमका कोणाचा?

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ साली सफरचंदाचा बागाईतदार आणि मधपाळ यांचा दाखला घेतला. बागाईतदार झाडे वाढवितो तेव्हा शेजारच्या मधपाळाचे उत्पन्न आपोआप वाढते. परंतु बाजारभाव या उपकाराची नोंद घेत नाही, असे त्यांनी दाखविले. १९७३ साली स्टीव्हन चेउंग यांनी त्यास उत्तर दिले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बागाईतदार आणि मधपाळ आपसांत रीतसर करार करतात, परागीभवनासाठी पेट्या भाड्याने दिल्या जातात. सबब बाजार हा व्यवहार सांभाळू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. बाजारवादी मंडळींना हा दाखला फार प्रिय आहे.

परंतु करारासाठी दोन पक्ष लागतात. जेथे बागा मोठ्या आणि मालक मोजके, तेथे करार होईल. आपल्याकडच्या ३१४ हेक्टरांत करार कोणी कोणाशी करावयाचा? रानातल्या जांभळाशी? जी संपत्ती सर्वांच्या रानातून येते आणि सर्वांच्या शेताला फळ देते, तिचा सांभाळही सर्वांनी मिळून करावयास हवा. यासाठी आधी सर्वांना तो येत असला पाहिजे.

मधुमक्षिकापालन हे केवळ पुस्तकावरून साधत नाही. पेटी उघडल्यावर राणी अंडी घालीत आहे काय, नव्या राणीसाठी कोठ्या बांधल्या जात आहेत काय, मेणकिडा शिरला आहे काय, हे पाहण्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो. एकाने चौकट उचलावी, दुसऱ्याने धूर द्यावा, तिसऱ्याने वहीत नोंद करावी आणि पुढच्या आठवड्यात कामे बदलून घ्यावीत, ही खरी शाळा. उन्हाळ्याच्या अखेरीस लोभाने सगळा मध काढून घेतला तर पावसाळ्यात माशांची उपासमार होते आणि सातेरीची वसाहत पेटी सोडून निघून जाते. एकट्या मधपाळाची ही चूक त्याच्यापाशीच राहते. सामाईक पेट्यांवर तीच चूक दहाजणांचे शिक्षण होते. शिवाय रोगाला मालकी ठाऊक नसते. १९९१-९२च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. एकाच्या पेटीतील दुखणे शेजाऱ्याच्या पेटीत जाते, आणि भर दुपारी फुलोऱ्यावर एकाने मारलेले कीटकनाशक साऱ्या गावाच्या माशा मारते.

एकत्र शिकणे म्हणजे काय, याचा उत्तम वस्तुपाठ गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने घालून दिला आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यास गटाची परंपरा रुजली. अभ्यास गट निर्णय करीत नाही. तो प्रश्न समजून घेतो. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. जंगलातील मध हा या अभ्यासाचा एक विषय होता. आगीने माशा मारून अख्खे पोळे उतरविण्याची रीत सर्वत्र होती. ती सोडून, अंगभर संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापावयाचा आणि अंडी-अळ्यांचा भाग तसाच राखावयाचा, अशी अहिंसक पद्धत गावाने स्वीकारली. हे कोणा अधिकाऱ्याच्या हुकुमाने घडले नाही. पुढे २००९ साली या गावाला जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा तो हाताळण्याची तयारी वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून आधीच झालेली होती.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. स्वयंसेवा हा शब्द गोड आहे. पण पगारदार शिक्षकाचा रविवार आणि शेतमजुराचा रविवार यांची किंमत सारखी नसते. फुकट श्रमाच्या अटीवर उभे राहिलेले सामाईक काम लवकरच सुस्थितांच्या विरंगुळ्याचे साधन होते. म्हणून कामाच्या दिवसांची नोंद व्हावी, मधाचा वाटा त्या नोंदीनुसार ठरावा आणि पोटावर हात असलेल्यांना शिकण्याच्या दिवसाची मजुरी मिळावी. ती देणे शासनाचे कर्तव्य आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मधमाशी संशोधन संस्था पुण्यात १९६२पासून आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. हे स्वागतार्हच आहे. मात्र किती पेट्या वाटल्या यावर योजनेचे यश मोजू नये. पावसाळा सरल्यावर किती पेट्यांत माशा उरल्या, हे मोजावे.

कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण यांची गणना गौण वनोपजात केली आहे. त्यावरील ग्रामसभेचा हक्क गावोगावी समजावून सांगावा. फवारणी संध्याकाळी, माशा पेटीत परतल्यावर करण्याचा ठराव गावाकडून करून घ्यावा. स्त्रियांना नुसते बाटल्या भरण्यापुरते न ठेवता पेटी उघडण्यास पुढे आणावे. आणि चार-पाच सामाईक पेट्यांभोवती एक अभ्यास गट सुरू करावा. पहिल्या वर्षी मध न निघाला तरी बिघडत नाही. वसाहती पावसाळ्यातून तगल्या आणि गावातील दहाजणांना पेटी निर्भयपणे उघडता आली, तर त्या वर्षीचे उत्पन्न हातात पडले असे समजावे.