अर्धंच चर्च देणारा वास्तुकार



वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न नेहमी विचारतो. इमारत कुणाची? आराखडा काढणाऱ्याची, पैसे देणाऱ्याची, की भिंत रचणाऱ्याची? मला पटलेलं उत्तर ओटो बार्टनिंग या जर्मन वास्तुकाराच्या कामात सापडतं.

त्यांचा जन्म १८८३चा, कार्ल्सरूह शहरातला. ऐन विशीत त्यांनी ऑस्ट्रियातल्या पेग्गाऊ गावी पहिलं चर्च बांधलं. १९२२मध्ये ताऱ्याच्या आकाराच्या चर्चची कल्पना मांडली. तिच्यात वेदी मध्यभागी होती आणि लोक तिच्याभोवती. या कल्पनेनं त्यांचं नाव झालं, पण ते चर्च काही उभं राहिलं नाही. १९२८मध्ये कोलोनच्या प्रदर्शनासाठी त्यांनी पोलाद आणि काचेचं चर्च उभारलं. पुढे ते एसेनला हलवलं आणि युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं.

१९४५ साली युद्ध संपलं, तेव्हा बार्टनिंग साठीच्या पुढे होते. शहरं ढिगाऱ्यात, सिमेंट-लोखंड दुर्मीळ, लोकांकडे पैसा नाही. अशा वेळी त्यांनी मोठी सोपी योजना आखली. लाकडी कमानींचा सांगाडा कारखान्यात तयार करायचा आणि सुटे भाग गावोगावी पाठवायचे. त्याचा खर्च मुख्यतः परदेशी चर्चसंस्थांच्या देणग्यांतून भागवायचा. पाया खणणं आणि भिंती रचणं मात्र गावकऱ्यांचं काम. दगड-विटा कुठून आणायच्या? पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून!

यातलं पहिलं चर्च १९४८मध्ये फोर्त्सहाइमला झालं. १९४५च्या फेब्रुवारीतल्या एका रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात या शहरात हजारो माणसं मेली होती. वाचलेल्यांनी त्याच शहराचे दगड वेचून भिंत उभी केली. काय वाटलं असेल त्यांना?

योजना ४८ चर्चची होती, त्यांतली ४३ पूर्ण झाली. गंमत म्हणजे सांगाडा तोच असूनही प्रत्येक चर्च वेगळं दिसतं, कारण प्रत्येक गावाचा दगड वेगळा आणि हात वेगळे. घाईच्या काळात बांधलेली ही चर्च तात्पुरती ठरली नाहीत. त्यांतली बहुतेक आजही उभी आहेत.

बार्टनिंग १९५९मध्ये गेले. एकट्याच्या प्रतिभेतून उभं राहिलेलं त्यांचं पोलादी चर्च आज नाही. लोकांसाठी निम्मं काम मोकळं सोडलेली चर्च मात्र टिकली. मला वाटतं, आपत्तीनंतर कुणाला घर बांधून देताना हे लक्षात ठेवावं. छप्पर आपण देऊ, पण भिंतीला त्यांचा हात लागू द्यावा. मग ती भिंत त्यांची होते.