पाऊस एक, हंगाम तीन

उपस्थित कीटकशास्त्रज्ञ, कीटक समाहारक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि हिवताप विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्षाने आरंभी आपली अपात्रता नम्रपणे सांगायची प्रथा आहे. वेळ वाचावा म्हणून तेवढा भाग तुम्ही गृहीत धरा.

पाऊस आला की डास वाढतात आणि डास वाढले की हिवताप वाढतो, हे गणित आपण दरवर्षी आराखड्यात मांडतो. पण कोणता डास? गडचिरोलीत ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज हा डास पावसाच्या डबक्यांत, पाटांत, भातखाचरांत वाढतो. पावसाच्या उत्तरार्धात त्याची संख्या चढते. तिथल्याच जंगलातल्या फ्लुव्हिएटिलिसला ओढ्याकाठचे संथ, नितळ पाणी लागते. आषाढातला लोंढा त्याच्या अळ्या धुऊन नेतो. ओढे निवळले, थंडी पडू लागली की त्याचे दिवस येतात, आणि तोवर आपली फवारणीची पथके बहुधा घरी परतलेली असतात. तिसरा शहरी स्टीफेन्सी. मुंबईतल्या विहिरींत तो पैदा होतो हे सी. ए. बेंटली यांनी १९११ साली दाखवून दिले. आज गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेले पाणी त्याला पुरते. पावसाने वाढतो हे खरे, पण पावसावाचून त्याचे अडत नाही.

हे झाले वर्षातल्या वर्षात. वर्षावर्षांतला फरक याहून चकवणारा आहे. पंजाबात १९०८ साली धो धो पाऊस झाला, मुलूख पाण्याखाली गेला आणि पाठोपाठ हिवतापाने हाहाकार उडवला. ख्रिस्टोफर्स यांनी त्याचा अभ्यास करताना पावसाइतकीच धान्याची महागाईही तपासली, हे आजच्या आलेखप्रेमी तरुणांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. आता सिलोनकडे पाहा. बेटाचा नैर्ऋत्य भाग एरवी भरपूर पावसाचा. तिथल्या नद्या भरून वाहत, अळ्या टिकत नसत. १९३४ साली पावसाने दगा दिला, नद्यांची पात्रे डबक्यांत तुटली, आणि १९३४-३५च्या साथीत सुमारे ८०,००० माणसे गेली. दोन्हीकडे वाहक मुख्यतः क्युलिसिफेसीजच होता. एकीकडे त्याला अतिवृष्टी मानवली, दुसरीकडे अवर्षण. म्हणून नुसत्या पावसाच्या आकड्यावरून साथीचे भाकीत करणारा माणूस मला ज्योतिषाचा धाकटा भाऊ वाटतो.

शिवाय मोजलेला डास आणि धोक्याचा डास एक नव्हे. गोठ्यात शोषनळी घेऊन तासभर उभे राहा, क्युलिसिफेसीज ढीगभर सापडतील. त्यांतले बरेचसे जनावरांवरच पोसलेले. हिवतापाचा परजीवी डासाच्या अंगात पक्व व्हायला उबदार हवेत साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे जगलेली मादीच रोग देते. दमट हवेत जगलेल्या थोड्या म्हाताऱ्या माद्या कोवळ्या झुंडीपेक्षा घातक ठरू शकतात. घनतेचा शिखर-महिना आणि रुग्णांचा शिखर-महिना जुळत नाहीत, याचे हे एक कारण.

आणि हिवतापाचा ऋतू बदलण्यासाठी हवामानच बदलावे लागते असेही नाही. डास बदलला तरी पुरे. आपला स्टीफेन्सी २०१२ मध्ये जिबूतीत आढळला, पुढे इथिओपियात पोचला. २०२२ साली तिथल्या दिरे दावा शहरात हिवतापाचा उद्रेक झाला, तो कोरड्या ऋतूत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात काही ठरावीक गावे, ठरावीक घरे आणि गोठे निवडून बारा महिने डासांचे संकलन व्हावे, रुग्ण नसतानाही, मे महिन्यातसुद्धा. नुसते ‘ॲनॉफिलिस’ न लिहिता प्रजाती लिहावी. मुदत संपली म्हणून जुनी रजिस्टरे रद्दीत देऊ नयेत. ठरावाचा मसुदा सचिवांकडे दिला आहे; दुपारच्या सत्रात तो चर्चेला येईल, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी कृपया जेवणानंतरही थांबावे.