कलम ६४-अ कुणाला माहीत आहे?

(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



सकाळी ओळख करून देताना तुमच्यापैकी बहुतेकांनी आपल्या मोहल्ल्यातल्या नशाविरोधी रॅलीबद्दल सांगितलं. बॅनर, घोषणा, शपथ, शेवटी फोटो. त्यात वाईट काही नाही. पण रॅली संपल्यावर एखादी खाला तुम्हाला बाजूला घेऊन विचारते, "बेटा, माझ्या पोराला पोलीस घेऊन गेलेत. त्याच्या खिशात गोळ्या सापडल्या. आता मी कुठे जाऊ?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल, तर ती रॅली तिच्या काय कामाची?

म्हणून आधी कायदा. एनडीपीएस कायदा १९८५ चा. विकणाऱ्यासाठी तो कडक आहे, पण नुसतं सेवन करणंही त्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद, इतरांसाठी सहा महिने, किंवा दंड, किंवा दोन्ही. याच कायद्यात कलम ६४-अ आहे. कलम २७ खाली किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारी अथवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत, चरस शंभर ग्रॅमपर्यंत, गांजा एक किलोपर्यंत.

हात वर करा, हे कलम आज पहिल्यांदा ऐकलेले किती? बघा. आता विचार करा, त्या खालाला ते कोण सांगणार?

तुमच्यापैकी कुणी तरी आत्ता मनात म्हणत असेल, नशा हराम आहे, मग कायदा सौम्य करा असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? हा प्रश्न जुम्म्याच्या नमाजनंतर पायऱ्यांवर तुम्हाला हमखास विचारला जाईल, आणि ऐकणाऱ्याकडे दोन मिनिटं असतील. माझं उत्तर असं, की एखादी गोष्ट गुनाह असणं वेगळं आणि तिच्यासाठी आजारी पोराला विकणाऱ्याच्या शेजारी बराकीत झोपवणं वेगळं. आपण नशेला परवानगी मागत नाही. उपचार मागतोय. हे तुमच्या शब्दांत, तुमच्या बोलीत सांगायचा सराव दुपारी करायचा आहे. माझी वाक्यं पाठ करू नका, ती माझ्या तोंडी शोभतात.

शब्दांचंही तसंच. 'गर्दुल्ला', 'चरसी' हे शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून आपल्या जिभेवर बसलेत. ज्या घरातल्या मुलाला आपण गर्दुल्ला म्हणतो, त्या घराचं दार आपल्यासाठी उघडत नाही, इतकं साधं आहे ते. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणतात, मराठवाड्यात 'बटन' म्हणतात. झोपेच्या, घबराटीच्या आजारावरच्या गोळ्या त्या. नावं माहीत हवीत, पण माणसाला ते नाव द्यायचं नाही.

आता संघटनेकडे येऊ. अमेरिकेतलं एक उदाहरण मी नेहमी देतो. १९९८ मध्ये तिथल्या उच्च शिक्षणाच्या कायद्यात एक तरतूद आली. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याची सरकारी शैक्षणिक मदत बंद. त्याच वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स फॉर सेन्सिबल ड्रग पॉलिसी' ही संघटना उभी केली. अख्खं अमली पदार्थ धोरण एका झटक्यात बदलायला ते बसले नाहीत. ही एक तरतूद त्यांनी धरून ठेवली, कारण फटका कॉलेजच्या मुलांनाच बसत होता आणि कुणाला बसला ते दाखवता येत होतं. २००६ मध्ये ती सौम्य झाली, मदत घेत असताना झालेल्या गुन्ह्यापुरतीच उरली. २०२० च्या डिसेंबरमध्ये ती काढून टाकणारा कायदा मंजूर झाला. बावीस वर्षं! सुरू करणारी मुलं तोवर चाळिशीकडे आली असणार. म्हणजे दरवर्षी नवी मुलं तयार करत राहिल्याशिवाय हे होत नाही. हे शिबिर त्यासाठीच आहे, उगाच नाश्त्याचा खर्च नाही.

आपल्याकडचं उदाहरण दूर नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, त्याच्या आधी अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लेख लिहिले होते. त्यांनी आधी त्या मुलांचं ऐकून घेतलं होतं.

तुमचं पहिलं काम तेच. पुढच्या दोन महिन्यांत प्रत्येकाने दहा घरांत बसायचं. फॉर्म नाही, मोबाइलवर रेकॉर्डिंग नाही, नावांची यादी तर अजिबात नाही. ती यादी उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि आपल्या वस्त्यांवर आधीच किती नजरा आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. विचारायचं एवढंच: उपचाराला कुठे गेलात, काय अडलं, किती पैसे गेले? एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या पाहणीत दिसलं, की बेकायदा अमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधी तरी दाखल होऊन उपचार मिळाले होते. उरलेले एकोणीस आपल्या गल्लीत कुठे आहेत, ते या बैठकांतून कळेल. पोरांना पकडून चोप देणारी मंडळीही भेटतील. त्यांच्याशी भांडू नका, पण त्यांच्यासोबत जाऊही नका. मार खाल्लेला मुलगा नशा सोडत नाही, लपून करतो, आणि एकटा असताना जास्त झालं तर दवाखान्यात न्यायलाही कुणी नसतं.

दुसरं काम माहितीच्या अधिकाराचं. दहा रुपयांचा अर्ज. आपल्या पोलीस ठाण्यात तीन वर्षांत कलम २७ खाली किती गुन्हे नोंदले, त्यातल्या किती जणांना ६४-अ चा लाभ मिळाला, जिल्ह्यात मान्यताप्राप्त उपचार केंद्रं कोणती? उत्तरं घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. व्यसनात सापडलेल्यांना कायदेशीर मदत देण्याची राष्ट्रीय प्राधिकरणाची योजना २०१५ पासून आहे, तेव्हा तिथे आपण मेहेरबानी मागायला जात नाही. आपली पहिली मागणी लहान असेल: प्रत्येक ठाण्यात आणि सरकारी दवाखान्यात कलम ६४-अ चा फलक, मराठीत आणि उर्दूत, उपचार केंद्राच्या पत्त्यासह. सेवनाला गुन्ह्यातून वगळा, ही मोठी मागणी आपण सोडलेली नाही. पण ती संसदेत जायची आहे, आणि फलक पुढच्या रमजानच्या आत लागू शकतो.

अर्जाचे कोरे कागद मागच्या टेबलावर आहेत. जेवणाआधी तालुक्यानुसार जोड्या करा. मुलींनी वेगळ्या जोड्या कराव्यात असं माझं मत आहे, कारण घरात आत बोलावणं त्यांनाच येतं आणि खाला त्यांच्याशीच बोलतात. अर्जाचा मसुदा आपण अडीच वाजता एकेक वाचू.