नजरेआडचा लॅपटॉप

मार्च २०१७मध्ये अमेरिकेने दुबई, दोहासह १० विमानतळांवरून तिकडे जाणाऱ्या विमानांत मोबाइलपेक्षा मोठी उपकरणे जवळ बाळगायला बंदी केली. दुबईमार्गे न्यूयॉर्कला निघालेले मुंबईकरही त्यात सापडले. कारण होते लपवलेल्या स्फोटकांची भीती. पण लिथियम बॅटरी पेटलीच, तर ती प्रवाशांमध्ये चटकन दिसते, विझवता येते. खाली सामानात कोण पाहणार? म्हणूनच पॉवर बँक आजही जवळच ठेवावी लागते. जुलै २०१७पर्यंत तपासणी कडक झाली आणि बंदी उठली. माझ्यासारख्या कवीची वही आता लॅपटॉपमध्येच असते. ती नजरेआड करताना जीव खालीवर होतो. तपासणी जरूर करा. मात्र माणूस कुठून आला यापेक्षा त्याच्या पिशवीत काय आहे, ते पाहा.