गोड्या पाण्याचे मोती



आजचा विषय समोर बसलेल्या पुष्कळ भगिनींच्या नाका-कानांतच आहे. तेव्हा मोती म्हणजे काय हे आम्ही सांगावे असे नाही. एवढेच विचारतो, की तुमच्या नथीतले मोती कोठले? ज्या घरी विचारावे तेथे एकच उत्तर येते, "बसऱ्याचे!"

बसरा हे बाजारपेठेचे नाव. मोती निघत ते इराणी आखातात, बहारीनच्या आसपास. तेथून ते मुंबईस येत, तेथे त्यांची निवड होई, वेज पाडले जाई आणि मग ते जगभर जात. 1930 च्या सुमारास जागतिक मंदी आली, जपानात मिकिमोटो यांच्या मार्गाने पिकवलेले मोती स्वस्त झाले, पुढे आखातात तेल सापडले आणि पाणबुड्यांचा तो धंदा बुडाला. मग त्यानंतर लग्न झालेल्या साऱ्या मुलींच्या नथीत बसऱ्याचेच मोती कोठून आले?

आम्हीही याच भ्रमात होतो. आमच्या मातोश्रींची नथ पुतणीच्या लग्नासाठी काढली, तर तारेवरचे आठ मोती पिवळे पडून पापुद्रे सुटलेले. गुजरीतल्या एका वृद्ध सोनारांकडे नेली. पूर्वी एकदा दुसरीकडे ओवायला दिलेली चिंचपेटी परत आली ती हलकी होऊन, म्हणून आम्ही समोर ठाण मांडूनच बसलो. "बसऱ्याचेच घाला," असे बजावले. सोनारबुवांनी चष्मा वर केला. "साहेब, जुने मोडलेले कुठे मिळाले तर मिळतील, आणि त्याचे मोल तुम्हाला झेपायचे नाही. हे घ्या, चिनी आहेत, गोड्या पाण्यातले. खोटे नव्हेत." आम्हाला खरे सांगायचे तर राग आला. आईच्या नथीत तळ्यातला मोती!

राग ओसरल्यावर आम्ही वाचू लागलो. वराहमिहिराने बृहत्संहितेत मोत्याचे आठ उगम सांगितले आहेत. त्यात हत्ती, साप, वेळू आणि मेघही आहेत. स्वातीच्या थेंबाची कथा तर सर्वांना पाठ. प्रत्यक्षात शिंपल्याच्या अंगावर पातळ पदर असतो, तोच कवचाच्या आत चकाकी चढवतो. त्या पदराच्या पेशी चुकून मांसात गेल्या, की तेथे पिशवी होते आणि तीत थरावर थर बसतात. समुद्र असो वा तळे, द्रव्य तेच, चुनखडीच्या जातीचे. म्हणून अत्तर, लिंबू, व्हिनेगर मोत्याला मानवत नाही. आधी अत्तर, मग मोती, हा क्रम मोडू नये.

चीनमध्ये माणूस हे काम हाताने करतो. एका शिंपल्याच्या पदराचे बारीक तुकडे कापून दुसऱ्याच्या पदरात चिरा देऊन बसवतात. समुद्राच्या शिंपल्यात एखाददुसरा मणी मावतो. येथे एकात तीस-चाळीस मोती धरतात. काही वर्षांनी शिंपला उघडायचा. या मोत्यांत बहुधा मणी नसतो, जवळजवळ सारा थरच असतो. जपानी समुद्री मोत्यात मात्र आत शिंपल्याचा मणी, वर थराची साल. मग अस्सल कोणता म्हणायचा? आमचा राग येथे जरा नरमला.

आकाराचे मात्र सोनारबुवांचे म्हणणे खरे. हे मोती क्वचितच पुरते गोल असतात. कोणी तांदळासारखा, कोणी बटणासारखा चपटा. चिंचपेटीच्या पट्टीत चपटा चांगला बसतो, कुडीला सात सारखे लागतात आणि नथीला मोठ्याकडून लहानाकडे उतरती चढण लागते. शेकडो मोत्यांतून आठ निवडायला त्यांना सारी दुपार लागली. जुन्या हिशेबात मोती दुप्पट वजनाचा झाला की किंमत चौपट होई, वजनाच्या वर्गाने. निवडणाऱ्याच्या नजरेचा भाव मात्र त्या हिशेबात कोठेच धरलेला दिसत नाही. ओवणारा पटवेकरी तर मजुरीच मागतो आणि तीही आपण घासाघीस करून देतो.

हे शिंपले परदेशीच हवेत असे नाही. लॅमेलिडेन्स जातीचे शिंपले आपल्याकडच्या नद्या-तळ्यांत असतात. भुवनेश्वरजवळ कौसल्यगंगा येथील गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्यावर मोती पिकवण्याची रीत बसवली. शिंपल्याच्या आत गणपतीचा साचा ठेवून तसाच मोती काढतात. चिन्यांनी बुद्धाच्या मूर्ती अशाच काढल्या, त्याला शतके झाली.

पण या शिंपल्याचे पिल्लू जन्मल्यावर काही दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहते, तेथेच वाढते, मग गळून चिखलात जाते. मासा नाही तर शिंपला नाही. पंचगंगेत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो. मोत्यांचा धंदा येथे काढू म्हणणाऱ्यांनी आधी नदीचे पाणी पाहावे, मग भांडवल.

नथ झाली. पुतणीला सांगावे की नाही, यावर घरात दोन दिवस वाद झाला. वहिनी म्हणाल्या, "कशाला मुलीचा विरस?" आम्ही सांगितले. ती नथ उजेडात धरून म्हणाली, "आजीचे कुठले आणि नवे कुठले, दाखवा." आम्हाला दोनच ओळखता आले. सोनारबुवांकडून पावतीवर मुद्दाम लिहून घेतले, "नथ जुनी, मोती आठ नवे, गोड्या पाण्याचे." ती पावती नथीच्या डबीतच ठेवली आहे.